वाचकांचे प्रश्न : सूडाच्या वाटेवरचा आबे फारिया

मागील अंकात अलेक्झांडर द्यूमा यांच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीविषयी लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे नायकाच्या सूडापेक्षा तुरुंगातील वृद्ध पाद्र्याविषयी, आबे फारियाविषयी आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ज्यांनी मागचा अंक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे आहे. एडमंड डांतेस हा मार्सेलिस बंदरातील एकोणीस वर्षांचा खलाशी. १८१५ साली, लग्नाच्या मेजवानीतून उठवून त्याला पकडून नेतात. जहाजाचे कप्तानपद हवे असलेला डांग्लार आणि डांतेसच्या वाग्दत्त वधूवर, मेर्सेदेसवर, डोळा असलेला फर्नांद यांनी निनावी पत्र धाडलेले असते. स्वतःच्या वडिलांचे नाव उघड होऊ नये म्हणून विलफोर हा सरकारी वकील डांतेसजवळ सापडलेले दुसरे एक पत्र, म्हणजे पुरावाच, जाळून टाकतो आणि निरपराध डांतेसला शातो दिफ या समुद्रातील किल्ल्यात डांबतो. तेथे चौदा वर्षे जातात. शेजारच्या कोठडीतील फारिया त्याला विद्या देतो आणि मरताना गुप्त खजिन्याचा ठावठिकाणा देतो. पळून गेलेला डांतेस पुढे काउंट म्हणून पॅरिसमध्ये अवतरतो आणि एकेका शत्रूचा सूड घेतो.

आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : फारिया हा ज्ञानी, सात्त्विक आणि देवभीरू पुरुष आहे. त्याच्या सहवासात घडलेला शिष्य मात्र सूडाने पेटून बाहेर पडतो. मग गुरू अपयशी ठरला, असे म्हणायचे का? की सूडाचे बी त्यानेच पेरले? (एक वाचक, पुणे)

या प्रश्नाचे उत्तर घटनांच्या क्रमात सापडते, म्हणून आपण तो क्रम नीट पाहू. फारिया भेटण्यापूर्वी डांतेस सूड घेण्याच्या स्थितीत नसतोच; तो मरणाच्या दारात असतो. वर्षानुवर्षांच्या एकांतानंतर त्याने अन्न टाकलेले असते आणि ताटलीतील जेवण तो खिडकीबाहेर फेकून देत असतो. अशा अवस्थेत एका रात्री भिंतीमागून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो. उंदीर असेल का, गवंडी असेल का, की आपल्यासारखाच कोणी कैदी असेल, हे पडताळण्याची इच्छा होते आणि त्या इच्छेपायी तो पुन्हा अन्न घेतो. फारियाचे पहिले काम येथेच झालेले आहे. एक शब्दही न बोलता, केवळ आपल्या छिन्नीच्या आवाजाने, त्याने एका माणसाला मरणापासून परत आणले.

त्यानंतर डांतेस त्याच्या कोठडीत येतो तो प्रसंग पाहा. फारिया त्याला भिंतीवर ओढलेल्या रेघा दाखवतो. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा कोणत्या रेघेवर आहे ते पाहून तो घड्याळापेक्षाही अचूक वेळ सांगू शकतो, कारण पृथ्वीची स्वतःभोवतीची आणि सूर्याभोवतीची गती त्याने हिशेबात धरलेली आहे. समुद्रावर वाढलेल्या डांतेसला आजवर सूर्यच फिरतो असे वाटत होते. दोघांच्याही कोठड्या सारख्याच अंधाऱ्या होत्या, आणि तरीही त्या तेवढ्याशा उजेडातून एकाने पंचांग उभे केले, ही गोष्ट त्या तरुणाला थक्क करते. भट्टीतील जुन्या काजळीत रविवारी मिळणारी वाइन मिसळून केलेली शाई, माशाच्या डोक्यातील कुर्चांचे टाक, मांसावरील चरबीपासून केलेले दिव्याचे तेल, सदऱ्यांच्या कापडी पट्ट्यांवर लिहिलेला इटलीच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ, हे सारे पाहून झाल्यावर डांतेसच्या मनात एक विचार येतो. इतक्या तीक्ष्ण बुद्धीचा हा माणूस माझ्या दुर्दैवाचे कोडेही उलगडून दाखवील.

कोडे उलगडते ते एका साध्या प्रश्नाने. तू नाहीसा झाल्याने कोणाचा फायदा झाला, असे फारिया विचारतो. कप्तानपदाचा फायदा डांग्लारला, मेर्सेदेसचा फायदा फर्नांदला. निनावी पत्र डाव्या हाताने लिहिलेले असणार, हे तो स्वतः डाव्या हाताने तसेच अक्षर काढून दाखवतो. विलफोरने जाळलेले पत्र नुआर्तिए नावाच्या माणसाला जाणार होते, हे कळताच नुआर्तिए म्हणजे विलफोरचा बापच, हे तो सांगून टाकतो. डांतेस आपल्या कोठडीत परततो आणि संध्याकाळी जेलर येतो तेव्हा तो दगडी पुतळ्यासारखा निश्चल बसलेला असतो. त्या काही तासांत त्याने शपथ घेतलेली आहे.

यानंतरच्या भेटीत फारिया जे बोलतो ते पुष्कळ वाचक घाईत ओलांडून पुढे जातात. तुझ्या शोधात मी मदत केली याचा मला आता खेद वाटतो, कारण पूर्वी नव्हती अशी एक भावना मी तुझ्या हृदयात उतरवली, ती सूडाची, अशा अर्थाचे तो बोलतो. डांतेस कडवट हसतो आणि विषय बदलतो. गुरूच्या डोळ्यांदेखत शिष्य हातातून निसटल्याचा हा क्षण आहे आणि गुरूला तो लगेच कळलेला आहे.

आपल्याकडे वाल्या कोळ्याच्या कथेत नारदही एक प्रश्नच विचारतात. तुझ्या पापाचे वाटेकरी घरातले कोणी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो आणि उत्तर ऐकून त्याच्या हातातील शस्त्र गळून पडते. फारियाचा प्रश्न ऐकून मात्र डांतेसच्या रिकाम्या हातात शस्त्र येते. दोन्ही प्रश्न सत्याकडेच नेतात. परंतु नारदांचा प्रश्न वाल्याला स्वतःच्या कर्माकडे वळवतो आणि फारियाचा प्रश्न डांतेसला दुसऱ्यांच्या कर्माकडे. म्हणून फारिया अपयशी ठरला असे मी म्हणणार नाही. त्याने निरागस माणसाला सत्य सांगितले, आणि सत्य कळल्यानंतरही निरागस राहावे कसे, हे शिकवण्याइतका अवधी त्याला मिळाला नाही. तत्त्वज्ञान शिकवता येत नाही, विद्या तेवढी शिकवता येते, असे फारिया स्वतःच डांतेसला सांगतो. गणित, पदार्थविज्ञान, इतिहास आणि तीन-चार भाषा दोन वर्षांत देईन, अशी हमी तो देतो. याहून अधिक काही देण्याचे वचन त्याने दिलेलेच नव्हते.

प्रश्न : हा फारिया म्हणजे आमच्या कांदोळीचेच आबे फारिया ना? पणजीला त्यांचा पुतळा आहे. की नावाचा केवळ योगायोग आहे? (एक वाचक, म्हापसा)

नाव कांदोळीच्या आबे फारियांवरूनच आलेले आहे. व्यक्तिरेखा मात्र द्यूमांनी स्वतःची घडवली. कादंबरीतील फारिया इटालियन आहे, स्पादा या कार्डिनल घराण्याच्या शेवटच्या पुरुषाचा चिटणीस आहे आणि तो शातो दिफच्या कोठडीत मरतो. खरे जुझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिकले आणि १७८० मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. गोव्यात १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आल्यावर या बापलेकांवरही संशय आला आणि नंतर फारिया पॅरिसला गेले. तेथे १८१३ पासून त्यांनी मोहनिद्रेचे जाहीर वर्ग घेतले आणि १८१९ मध्ये, त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. पणजीतील जुन्या सचिवालयाजवळचा, दोन्ही हात पुढे करून उभा असलेला त्यांचा पुतळा १९४५ मधील असून तो मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आहे.

‘कातर रे भाजी’ ही आख्यायिका आपणास ठाऊक असेलच. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिलेले फारिया घाबरून गप्प झाले, तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच म्हटले की ही सगळी भाजी आहे, काप भाजी. आणि मुलाची भीती गेली, असे सांगतात. ही कथा मला या ठिकाणी फार मोलाची वाटते, कारण खऱ्या फारियांच्या शास्त्राचे मर्मही तिच्यात आहे. त्या काळी मेस्मर नावाच्या डॉक्टरचे अनुयायी मानत असत की मोहनिद्रा देणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य प्रवाह निघून समोरच्यात शिरतो. फारियांनी हे नाकारले. निद्रेचे कारण समोरच्या माणसाच्याच मनात असते, त्याच्या एकाग्रतेत असते, आणि निद्रा देणारा ती एकाग्रता तेवढी घडवून आणतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. वडिलांच्या त्या दोन शब्दांनीही मुलामध्ये नवे काही घातले नाही. जे होते त्यावरील भीती तेवढी दूर केली.

कादंबरीतील फारिया डांतेसला सांगतो की मी मोकळा असतो तर माझी बुद्धी हजार क्षुल्लक गोष्टींत उधळली गेली असती. बंदिवासाने ती एका बिंदूवर आणली. द्यूमांनी कांदोळीच्या फारियांचे शास्त्र किती जाणून घेतले होते यावर माझा भर नाही. वाचक म्हणून मात्र मला हे दोन फारिया येथे एकमेकांच्या जवळ उभे असलेले दिसतात. सूड फारियाने डांतेसच्या मनात घातला, असे तो म्हातारा स्वतःला दोष देत म्हणतो. कांदोळीच्या फारियांना विचारले असते तर त्यांनी त्याची या दोषातून मुक्तता केली असती.

प्रश्न : मी पहिलीच कादंबरी लिहीत आहे. नायक वडिलांच्या जमिनीच्या फसवणुकीचा सूड घेणारा आहे आणि त्याला एक वृद्ध कीर्तनकार भेटतो. हस्तलिखित वाचणाऱ्यांचे म्हणणे असे की कीर्तनकार आला की कथा थांबते आणि उपदेश सुरू होतो. द्यूमांनी हे कसे टाळले? (एक वाचक, नाशिक)

द्यूमांना हे कथानक पोलिसांच्या दफ्तरातील म्हणून छापलेल्या एका हकिगतीवरून सुचले. तीत पिको नावाचा चांभार असतो. त्याचे मित्र त्याला खोट्या आरोपात अडकवतात, तुरुंगात तो एका श्रीमंत इटालियन धर्मगुरूची सेवा करतो, धर्मगुरू त्याला संपत्ती देतो आणि सुटल्यावर पिको मारेकरी होतो. द्यूमांनी पैसा देणाऱ्या या धर्मगुरूला शिक्षक केले, ही कादंबरीतील सर्वांत मोठी भर आहे असे मी समजतो. पिकोच्या बाजूला त्याला तोलणारे कोणी नाही, म्हणून तो आपल्याला फक्त भीतिदायक वाटतो. डांतेसच्या बाजूला त्याच तुरुंगात, त्याच अन्यायात, त्याच दगडी भिंतींत राहणारा दुसरा माणूस आहे. त्यामुळे डांतेसने पुढे घेतलेला प्रत्येक निर्णय हा त्याने स्वतः निवडलेला निर्णय ठरतो. परिस्थितीने मला असे केले, असे म्हणण्याची सोय राहत नाही, कारण त्याच परिस्थितीने फारियाला तसे केले नव्हते.

आपल्या कीर्तनकारासाठी तीन प्रसंग वाचून पाहा, अशी माझी विनंती आहे. पहिल्याच भेटीत डांतेस सुचवतो की सज्जात भुयार काढू, पहारेकऱ्याला मारू आणि पळू. वर्षानुवर्षे सुटकेसाठी खपलेला फारिया नकार देतो. भिंत फोडण्यात किंवा जिना उखडण्यात मला पाप वाटले नाही, पण माणसाचे हृदय भेदणे माझ्याकडून होणार नाही, असे तो म्हणतो. पुढे वर्षभराने विषय पुन्हा निघतो तेव्हाही तो याच ठिकाणी ठाम राहतो, आणि मग दोघे पहारेकऱ्याला न मारता पकडण्याची, महिनोन्‌महिने लागणारी वाट खणू लागतात. अहिंसेवर प्रवचन कुठेही नाही. स्वतःच्या सुटकेची किंमत देऊन केलेला नकार आहे, आणि त्या नकारापायी कथा पुढे सरकते. आपला कीर्तनकार बोलताना काही गमावत नसेल, तर वाचक त्याचे ऐकणार नाही.

दुसरा प्रसंग पक्षाघाताचा. फारियाचा अर्धा देह लुळा पडतो, तो डांतेसला एकट्याने पळून जायला सांगतो आणि डांतेस शपथ घेतो की तुम्ही जिवंत असेपर्यंत मी येथून हलणार नाही. खजिन्याचे रहस्य यानंतर उघड होते, आधी नाही. तू माझा मुलगा आहेस, माझ्या बंदिवासाचे अपत्य आहेस, असे तो ब्रह्मचारी पाद्री म्हणतो ते या निष्ठेमुळे. आपल्या कादंबरीत नायकाने कीर्तनकारासाठी काय केले आहे? तो फक्त ऐकतच असेल तर नाते एकाच बाजूने वाहते आहे.

तिसरा प्रसंग एका वाक्यापुरता आहे, पण माझ्या मते साऱ्या कादंबरीची नाडी तेथे सापडते. या तेरा-चौदा दशलक्ष फ्रँकमध्ये माणूस आपल्या स्नेह्यांचे किती भले करू शकेल, याचा हिशेब फारिया उत्साहाने मांडत असतो. ऐकता ऐकता डांतेसचा चेहरा काळवंडतो, कारण त्याच रकमेत शत्रूंचे किती वाटोळे करता येईल याचा हिशेब तो मनात मांडतो आहे. एकच संपत्ती आहे, आकडा एकच आहे, दोन माणसे शेजारी शेजारी बसलेली आहेत आणि एकाला दुसऱ्याच्या मनातले कळत नाही. मार्गदर्शक पात्राचा उपयोग असा करून घ्यावा. त्याच्या उजेडात नायकाचा चेहरा अधिक स्पष्ट दिसला पाहिजे, मग नायक त्या उजेडाकडे पाठ करून उभा का असेना.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फारिया मेल्यावर डांतेस त्याच्या प्रेताच्या पोत्यात स्वतः शिरतो, पायाला छत्तीस पौंडांचा तोफगोळा बांधून ते पोते समुद्रात फेकले जाते आणि तो मोकळा होतो. म्हणजे गुरूचे कफन पांघरूनच त्याचा दुसरा जन्म होतो. नंतर सूडाच्या तयारीत तो अनेक सोंगे घेतो, त्यांत आबे बुसोनी या इटालियन पाद्र्याचे सोंग वारंवार येते. आपला जुना शेजारी कादरूस याच्याकडून सारी हकिगत काढून घेताना तो हाच झगा घालतो. शिष्याने गुरूची विद्या घेतली, पैसा घेतला, वेषही घेतला, फक्त पहारेकऱ्याविषयीचा नकार घ्यायचे राहून गेले. द्यूमा हे कुठेही बोलून दाखवत नाहीत. विलफोरच्या घरात त्याची पत्नी आणि लहानगा मुलगा एदुआर यांची प्रेते पाहून काउंटला आपण मर्यादा ओलांडल्याचे कळते, तेव्हाही त्याच्या अंगात पाद्र्याचाच झगा असतो. आपला कीर्तनकार अर्ध्या कथेत गेला तरी चालेल. त्याची एखादी वस्तू नायकाजवळ राहू द्या, आणि ती नायकाने चुकीच्या कामासाठी वापरू द्या.

प्रश्न : कादंबरीच्या शेवटाकडे काउंट पुन्हा शातो दिफमध्ये जातो, फारियाच्या हस्तलिखितातील एक वचन वाचतो आणि आपला सूड योग्यच होता असे समजून बाहेर पडतो. मग फारियानेच शेवटी सूडाला संमती दिली, असा अर्थ होत नाही का? (एक वाचक, टोरांटो)

आपण अचूक ठिकाणी बोट ठेवले आहे. एदुआरच्या मृत्यूनंतर काउंटचा स्वतःवरील विश्वास डळमळतो. आपण देवाच्या वतीने न्याय करतो आहोत ही त्याची इतक्या वर्षांची समजूत त्या मुलाच्या प्रेतापाशी टिकत नाही. म्हणून तो मार्सेलिसला परततो आणि किल्ल्यात जातो. वाटाड्या त्याला ओळखत नाही. जुन्या कैद्यांची गोष्ट म्हणून तो त्याला त्याचीच गोष्ट सांगतो. आपला संशय फिटावा अशी काही खूण फारियाकडून मिळावी, अशी प्रार्थना काउंट करतो, तेव्हा वाटाड्या कापडी पट्ट्यांवरील तो ग्रंथ आणून देतो. त्याच्या आरंभी वचन असते, तू अजगरांचे दात उपटशील आणि सिंहांना पायाखाली तुडवशील, असे प्रभू म्हणतो. काउंटला वाटते की हेच उत्तर.

मला हे उत्तर फारियाचे वाटत नाही. तो ग्रंथ इटलीच्या एकीकरणाविषयी आहे आणि डांतेसला भेटण्यापूर्वी लिहिलेला आहे. वचनातील अजगर आणि सिंह म्हणजे डांग्लार आणि फर्नांद नव्हेत. संशयाने व्याकूळ झालेला माणूस समोर येईल त्या ओळीत आपला कौल शोधतो, आणि द्यूमांनी त्याला तो शोधू दिला आहे. फारियाने सूडाविषयी स्वतःच्या तोंडाने जे सांगितले होते ते एवढेच की मला खेद वाटतो. काउंटला या क्षणी त्या वाक्याची आठवण होत नाही.

त्याच प्रकरणात थोडे मागे जाऊन पाहावे, अशी माझी सूचना आहे. काउंट आधी स्वतःच्या कोठडीत उभा राहतो, तेथे त्याच्या मनात यातनाच जाग्या होतात. मग तो फारियाच्या कोठडीत येतो. प्रथम त्याची नजर भिंतीवरील त्या रेघांकडे जाते, ज्यांवरून म्हातारा उन्हाची वेळ मोजत असे, आणि नंतर तो मेला त्या पलंगाचे अवशेष दिसतात. येथे द्यूमा लिहितात की त्याचे मन कोमल, कृतज्ञ भावनेने भरून आले आणि डोळ्यांतून पाणी आले. वचन त्यानंतर येते. या भेटीनंतर रोममध्ये, दरोडेखोरांच्या कैदेत उपाशी ठेवलेल्या डांग्लारसमोर काउंट उभा राहतो, त्याला खायला देववतो, उरलेले पन्नास हजार फ्रँक त्याच्याकडेच राहू देतो आणि सांगतो की मी तुला क्षमा करतो, कारण मलाही क्षमेची गरज आहे. उपटायचा राहिलेला शेवटचा दात त्याने उपटला नाही. ही क्षमा त्या वचनातून आली नसावी. रेघा पाहून आलेल्या पाण्यातून ती आली, असे मी मानतो. आपण ते प्रकरण पुन्हा काढून अश्रूंचा परिच्छेद आणि वचनाचा परिच्छेद, हे दोन्ही त्याच क्रमाने एकदा वाचावेत.